धुऱ्यावरची तार

पीटीच्या मास्तरणीकडे कोणी लेख मागत नाही. कार्यक्रमात माईक चालतो का ते बघायला सांगतात. त्यामुळे या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, यांना आमच्या हेडमास्तरांचा नंबर हवा असेल. पण लेख माझाच हवा होता. मैदानावरच्या आनंदाच्या आठवणी लिहा, असं ते म्हणाले. तशा एकदोन आहेत, त्या आधी सांगून टाकते. त्यानंतर मात्र मला जे सांगायचं आहे तेच सांगणार. आमच्या एका शर्यतीत शबाना नावाची माझ्या संघातली पोरगी गेली. ती कशाने गेली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि तोंडाने बोलायला एकच जण पुढे आलं. त्या एका जणासाठी मी लिहायला बसले आहे.

दिग्रस-दारव्हा रस्त्यावरच्या एका गावच्या हायस्कुलात माझी नोकरी झाली. शाळेतला पीटीचा शिक्षक म्हणजे भाजीतला बटाटा, कशातही घाला. प्रार्थनेच्या रांगा त्याने लावायच्या, पंधरा ऑगस्टची कवायत त्याने बसवायची, गणिताचे सर लग्नाला गेले की त्यांचा तास त्याने सांभाळायचा. आम्हाला मैदान होतं, पण पावसाळ्यात त्यात म्हशी बसायच्या. मग मी क्रॉस कंट्री धरली. तिला मैदान लागत नाही. पांदण, म्हणजे शेतात जायची गाडीवाट, दोन शेतांमधला धुरा, नाला, चढ, उतार, असं सगळं पार करून परत यायचं. संघ सहा जणींचा असतो आणि त्यातल्या चौघींचे क्रमांक मिळवतात. ज्याची बेरीज कमी तो संघ पुढे जातो. म्हणून एकटी पहिली येऊन काही होत नाही. मागचीला ओढून आणावं लागतं.

पोळा झाला की आमचा हंगाम उघडायचा. तालुक्याची पहिली शर्यत आमच्या गावात व्हायची, कारण दुसरी कोणतीच शाळा ते लोढणं गळ्यात घ्यायला तयार नव्हती. मी तो मान म्हणून मिरवला. एका वर्षी वरून एक तरुण अधिकारी आले आणि बूट घातल्याशिवाय पोरींना पळू देणार नाही म्हणाले. मी म्हटलं, साहेब, ही काळी माती आहे, ही बूट ठेवून घेते. ते ऐकेनात. पोरी बूट घालून गेल्या आणि बूट हातात घेऊन आल्या. दोघींचे तर मातीतच राहिले, ते पुढे तुरी सोंगायच्या, म्हणजे कापायच्या वेळी सापडले. साहेबांचे स्वतःचे बूट काढायला बैलवाल्याला बोलवावं लागलं. त्यानंतर अनवाणी पळण्यावर कोणी बोललं नाही.

अनवाणी पळायचीही एक रीत असते. पायाला मातीचा गारा चढत जातो आणि पाय धोंड्यासारखे जड होतात. मग धुऱ्यावरच्या गवतात शिरायचं, एखाद्या दगडावर नाहीतर खुंटीवर तळवा घासायचा आणि पुन्हा वाटेवर यायचं. हे पोरींना मी शिकवलं नाही. निंदायला जाणारी प्रत्येक बाई तेच करते, तिच्या पोरी तेच करतात.

शर्यतीत खरं काम पळवण्याचं नसतं, रस्ता आखण्याचं असतं. आदल्या दिवशी मी प्रत्येक शेतावर जायची. धुरा द्याल का, कुत्रं बांधाल का, तार आहे का. प्रत्येक ठिकाणी चहा. नाही म्हटलं तर धुरा मिळत नाही, म्हणून घरी पोचेपर्यंत पोट तट्ट फुगायचं.

तारेबद्दल सांगते, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. भादव्यात सोयाबीनच्या शेंगा भरतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर नांगरून टाकतो, उरलेलं रोही, म्हणजे नीलगायी, खातात. रात्र-रात्र जागल करून माणूस थकतो. झटका मशीन मिळतं, त्याने जनावर नुसतं दचकतं, मरत नाही. पण मशीन विकत आणावं लागतं. खांबावरच्या लाईनवर वेळूच्या काठीने आकडा टाकला की फुकटात काम होतं. मग गुडघ्याएवढ्या खुंट्यांवरून तार फिरवायची, रात्री आकडा टाकायचा, सकाळी काढायचा. हा गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, तीच खोटी आहे. शेतीची लाईन कधी रात्री असते, कधी दिवसा. लाईन गेली की लोक तारेला मेलेली समजतात. मेलेल्या तारेचा आकडा काढायला कोण उठून जाईल?

गजाननभाऊंचं वावर आमच्या रस्त्यावर अर्ध्यात होतं. त्यांची वैष्णवी माझ्या संघात सगळ्यात पुढे पळणारी. शांत पोरगी, हिशोबाने पळायची. गजाननभाऊंना तिचा एवढा अभिमान की धुऱ्यावरचं गवत त्यांनी स्वतः विळ्याने कापून दिलं. तारेचं विचारलं तर म्हणाले, "तार हाय, मॅडम. सकाळी काढून घेतो न. माही पोट्टीच पळून राह्यली."

शबाना संघात उशिरा आली. तिचे वडील इकबालभाई मोटारी बांधतात, म्हणजे शेतकऱ्यांच्या पंपाची मोटार जळाली की तिच्यात नवी तार गुंडाळून देतात. दुकान दिग्रस रस्त्यावर. पोरीला शर्यतीत पळवायला ते आधी तयार नव्हते. मी दोनदा दुकानात जाऊन बसले. तिसऱ्यांदा ते स्वतः शाळेत आले, पाण्याची मोटार आवाज करत होती ती न सांगता उघडून नीट केली आणि हात पुसत मला म्हणाले, "पळते तं पळू द्या, मॅडम. पन कोनत्या रस्त्यानं पळते ते मले सांगत जा." नंतर एकदा लुनावरून सगळी पांदण फिरून आले. ही पहिली शर्यत बघू, तालुक्यातून निवडली गेली तर पुढचं बोलू, असं ठरलं. शबानासाठी सगळं त्या एका शर्यतीवर होतं. शर्यत हुकली असती तर तिचं पळणं तिथेच थांबलं असतं.

वैष्णवीने तिला ओढायचं काम अंगावर घेतलं. दोघींची एक पद्धत होती. पुढून वैष्णवी मागे न बघता ओरडायची, "येऊन राह्यली का?" मागून शबाना म्हणायची, "येऊन राह्यली." दम लागलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून उत्तर आलं की समजायचं, अजून जीव आहे, वेग थोडा वाढवू. हे त्यांचं त्यांनी शोधलं होतं. पंचवीस वर्षं शिट्ट्या फुंकून मला ते सुचलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी आभाळ होतं, पाऊस नव्हता. शेतीची लाईन आदल्या संध्याकाळपासून गेलेली. पोरींना सोडून मी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिले, तिथे शेवट होता. गजाननभाऊ ओला टॉवेल घेऊन माझ्या शेजारी. ते पहाटेच येऊन बसले होते. मला शेवटाशी उभं राहून पोरी कुठे पोचल्या ते कळायचं. नाल्याकाठी टिटव्या असतात. पोरी नाल्यात उतरल्या की त्या ओरडतात, आणि मग मी घड्याळ हातात घेते.

टिटव्या ओरडल्या नाहीत. त्याऐवजी शाळेमागच्या विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. लोक स्टार्टर आटोवर ठेवतात, लाईन आली की मोटार माणसाशिवाय चालू होते. पाइपातून पाणी पडायला लागलं. मी म्हटलं, आज दिवसाची पाळी दिसते.  गजाननभाऊंनी विहिरीकडे बघितलं, टॉवेल खाली टाकला आणि शर्यतीच्या रस्त्यावर उलट्या बाजूने पळत सुटले. एक चप्पल फाटकाशीच राहिली. हा माणूस का पळतोय ते मला कळलं नाही. मी त्यांना हाक मारली, पोरी समोरून येतील, धडकाल म्हणून.

मग दुसऱ्या शाळेची एक मुलगी पांदणीतून आली. पळत नव्हती, चालत होती. ती म्हणाली, "मॅडम, ते पोट्टी उठून नाई राह्यली."

मी पोचले तेव्हा वैष्णवी चिखलात बसली होती आणि शबानाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. शेजारी वेळूची लांब काठी पडली होती. शबानाच्या एका तळव्याला अजून गारा होता, दुसरा तळवा तिने निम्मा घासला होता. त्यावर काळा डाग होता. मी तिची छाती दाबत राहिले, जीप येईपर्यंत, जीपमध्ये आणि दवाखान्याच्या दारापर्यंत. पोरगी तिथेच वावरात गेली होती. मला ते कळत होतं, हात थांबत नव्हते.

पोलीस येईपर्यंत वावरात तार नव्हती, खुंट्या नव्हत्या, आकडा नव्हता. ती कोणी गुंडाळली हे आजपर्यंत कोणालाच माहीत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमली. एकेक जण हळूहळू बोलू लागला. आभाळ होतंच. वीज पडली असेल. वीज पडली म्हटलं तर कोणाच्या घरावर संकट नाही आणि इकबालभाईंना सरकारी मदतही मिळेल. बोलणाऱ्यांत वाईट माणूस कोणी नव्हता. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या वावरात तशीच तार होती आणि आपली पोरं त्याच धुऱ्यावरून शाळेत येतात हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसत होतं. त्यांना भीती वाटत होती. मला मात्र राग आला. मी म्हटलं, मी वीज बघितली नाही आणि वीज सांगणार नाही. त्यावर आमच्या शाळा समितीचे बंडूभाऊ म्हणाले, मॅडम, तुम्ही तारही बघितली नाही. ते खरं होतं. मी पोचले तेव्हा तार लोंबत होती की नव्हती, मी बघितलंच नाही. मी पोरीकडे बघत होते.

गजाननभाऊ खांबाला टेकून बसले होते. एका पायात चप्पल.

इकबालभाई दवाखान्यातून आले. ते आयुष्यभर करंटचं काम करत आले आहेत, त्यांना वीज आणि तार यातला फरक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते ओरडले नाहीत, कोणावर धावून गेले नाहीत. माणसांच्या मधे उभं राहून एवढंच म्हणाले, "मले कोनी बस एवढंच सांगा. तार कोनाची होती?"

बंडूभाऊ आभाळाकडे बघू लागले. इकबालभाईंनी पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात.

वैष्णवी आईजवळ बसली होती. गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडला होता. ती उभी राहिली. "आमची होती, चाचा," ती म्हणाली.

आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. तिने तो हळूच बाजूला केला. "बाबानं लावली होती. लाईन नव्हती म्हनून आकडा तसाच राह्यला. मी पुढं होती. मी इचारलं, येऊन राह्यली का, तं ते बोललीच नाई. मागं पाह्यलं तं ते तारीवर होती. काठी कुठं ठेवतो ते मले मालूम होतं. आकडा मीच काढला. पन उशीर झाला, चाचा."

इतकी माणसं होती, पण पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. ती मोटार कोणी बंद केली नव्हती. इकबालभाई जिथे उभे होते तिथेच खाली बसले. मग ते वैष्णवीला म्हणाले, "घरी जा, बेटा. पाय धू." मला त्या क्षणी त्या पोरीच्या पायाशी बसावंसं वाटलं. मी बसले नाही, शिक्षिका होते ना. भिंतीकडे तोंड करून रडले.

गजाननभाऊंनी नाकारलं नाही. पोलिसांना ते एकच वाक्य सांगत राहिले, लाईन नव्हती. अटक झाली, मग जामीन झाला, केस अजून चालू आहे. चौकशीत माझा दोष निघाला नाही. दोष निघाला नाही म्हणून शबाना रोज प्रार्थनेच्या रांगेत दिसायची थांबली नाही. श्रद्धांजलीच्या सभेत सगळ्यात लांब भाषण बंडूभाऊंनी केलं. गावात यापुढे एकही तार राहणार नाही असं त्यांनी सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभा कशाची आहे हे लक्षात येऊन त्या मधेच थांबल्या.

वैष्णवीने पळणं सोडलं. मी आग्रह केला नाही. बापाला पकडून देणारी पोरगी, असं बाया विहिरीवर तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. खरं बोलणाऱ्या पोरीचं गावात कौतुक होतं, पण ते दुसऱ्याच्या गावात. एकदा मी विचारलं, घरी कसं आहे. ती म्हणाली, बाबा बोलत नाहीत, पाणीसुद्धा आईला मागतात.

पुढचं वर्ष माझ्या नोकरीचं शेवटचं. शर्यत दुसरीकडे न्या असं मी वर लिहिलं, दुसरीकडे कोणी घेईना. संघातल्या पोरी म्हणाल्या, मॅडम, आम्ही पळतो. मी पुन्हा शेतोशेती फिरले, पुन्हा चहा प्यायले. सगळ्यांनी सांगितलं, तार नाही. एकाने तर शबानाची शपथ घेतली.

शर्यतीच्या सकाळी मी रस्ता बघायला निघाले तर फाटकाशी इकबालभाई लुना लावून उभे. खिशाला टेस्टर, दुकानात वापरतात तोच. "रस्ता कोनता हाय, मॅडम?" त्यांनी विचारलं.  तेवढ्यात वैष्णवी आली, शाळेच्या गणवेशात, अनवाणी. कोणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "कोनाची तार कुठं लपते, मले मालूम हाय. मी दाखवतो." आमच्याकडे पोरीही मी दाखवतो असंच म्हणतात.

ती पुढे, तिच्यामागे इकबालभाई, शेवटी मी धापा टाकत. तिच्या स्वतःच्या वावराशी आम्ही कोणी थांबलो नाही. तिथे आता तार नव्हती आणि सोयाबीनही नव्हतं, डुकरांनी खाल्लेलं. इकबालभाईंनी त्या धुऱ्यावरून चालताना चपला काढून हातात घेतल्या. पुढे चढ लागला. वैष्णवीचा वेग वाढला आणि मागे न बघता तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "येऊन राह्यली का?"

ती जागीच थांबली. पाठमोरीच उभी राहिली, खांदे वर ओढलेले. मला वाटलं, आता ही पोरगी कोसळणार. इकबालभाईंनाही ते वाक्य माहीत असावं, शबाना घरी सांगत असेल. 

"येऊन राह्यलो, बेटा," ते म्हणाले. "चाल."

चढ संपला तिथे बंडूभाऊंचं वावर. धुऱ्यावर गवत मुद्दाम वाढू दिलेलं. वैष्णवीने बोट दाखवलं. गवतात तार होती. इकबालभाई खाली वाकले, टेस्टर लावला. बारका लाल दिवा लागला.

आम्ही तिघंही त्या दिव्याकडे बघत राहिलो. झोपडीतून बंडूभाऊ बाहेर आले, आम्हाला बघून पळत आले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "रात्री लाईन नव्हती न, मॅडम. म्हनून तसंच राह्यलं."

मी त्यांना काय बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.  इकबालभाईंनी वेळूची काठी शोधून आकडा खाली पाडला.

शर्यत मी रद्द केली. पोरी अनवाणी रांगेत उभ्या असतील, त्यांना घरी पाठवायला मी शाळेकडे वळले. चला, आता कोणी पळणार नाही, असं मागे वळून या दोघांना सांगितलं. इकबालभाईंनी टेस्टर खिशात ठेवला नाही. त्यांनी वैष्णवीला पुढची तार कुठे आहे ते विचारलं. ती पुढे झाली आणि ते तिच्यामागे निघाले. पुढची वावरं अजून बघायची होती.